रस्त्यावर आलेली शेती : उघडी माती, वारा आणि आपण



१ मे म्हटले की आपल्याला आठवतो तो महाराष्ट्र दिन. २०२३ साली मात्र त्या दिवशी आम्हा इलिनॉयकरांना दुपारपासून एकामागून एक फोन येत होते आणि ते शुभेच्छांचे नव्हते. "तुम्ही घरीच आहात ना? पंचावन्नवर कोणी नाही ना?" एवढेच जो तो विचारत होता. शिकागो आणि सेंट लुईसला जोडणारा इंटरस्टेट ५५ म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचा पायाखालचा रस्ता. गणपतीला, नाटकाच्या तालमीला, मुलांना कॉलेजात सोडायला आपण याच रस्त्याने जातो. त्या सकाळी अकराच्या सुमारास फार्मर्सव्हिल आणि डिव्हर्नन या दोन छोट्या गावांच्या परिसरात त्या रस्त्यावर धुळीची भिंत आली. सत्तरहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या, दोन मोठ्या ट्रकना आग लागली, किमान सात माणसे गेली आणि तिसाहून जास्त जखमी झाली.

वाळवंट नाही, ॲरिझोना नाही. मक्याच्या आणि सोयाबीनच्या राज्यात धुळीचे वादळ? आम्हा सगळ्यांना पडलेला हा प्रश्न. त्याचे उत्तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले होते : नुकतीच मशागत केलेली, पेरणीच्या तयारीत असलेली, पूर्ण उघडी शेते. त्या उत्तराबद्दलच आज थोडे लिहिते आहे.

तात्यांचा प्रश्न

खरे तर हा प्रश्न माझ्या वडिलांनी त्याआधी बरीच वर्षे विचारला होता. तात्या पहिल्यांदा अमेरिकेत आले ते एप्रिल महिन्यात. विमानतळावरून घरी येताना ते खिडकीला नाक लावून बसले होते. माढा तालुक्यात सीना नदीच्या काठी आयुष्यभर शेती केलेला माणूस. त्यांना उंच इमारतींत रस नव्हता. मैलोन् मैल काळीभोर जमीन, एक बांध नाही, बांधावर एक बाभूळ नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "एवढी सोन्यासारखी जमीन, आन् उघडीच ठिवत्यात व्हय? वारं सुटलं तर?" मी हसून म्हटले, "तात्या, इथे सगळे सायन्सने चालते." आज ते वाक्य आठवले की मलाच ओशाळल्यासारखे होते.

ही काळी माती आली कुठून?

इलिनॉय, आयोवा, इंडियाना या भागात पूर्वी 'प्रेअरी' म्हणजे माणसाच्या डोक्याइतक्या उंच गवताची कुरणे होती. त्या गवताची मुळे दहा-दहा फूट खोल जात. हजारो वर्षे ती मुळे मातीत मरत, कुजत गेली आणि त्यातून ही काळी, भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती तयार झाली. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच इलिनॉयमध्ये, ग्रँड डिटूर या गावी, चिकट मातीतूनही सहज सरकणारा पोलादी नांगर बनवला आणि मग दोन-तीन पिढ्यांत सगळे कुरण नांगराखाली आले.

गवत बारा महिने जमिनीवर असे. मका आणि सोयाबीन मात्र मे ते ऑक्टोबर एवढेच पाहुणे! कापणी झाली की पुष्कळ शेतकरी शरद ऋतूतच नांगरट करून ठेवतात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने त्या जमिनीत जिवंत मूळ नाही आणि वर पांघरूण नाही. त्यातही मक्याची धाटे निदान काही काळ टिकतात. सोयाबीनचा पालापाचोळा मात्र इतका थोडा आणि मऊ असतो की वसंत ऋतू येईपर्यंत जमीन जवळजवळ बोडकी होते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उपग्रहाची चित्रे आणि मातीचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा मक्याच्या या पट्ट्यातील सुमारे एक तृतीयांश जमिनीवरचा वरचा काळा थर पूर्णपणे निघून गेल्याचे दिसले. विमानातून जाताना वसंत ऋतूत खाली बघा. काळ्या शेतांमध्ये उंचवट्यांवर फिकट पिवळसर टकले दिसतील. तिथे आता खालची माती उघडी पडली आहे.

माती उडते कशी?

वारा माती उचलतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मातीचे कण तीन प्रकारे प्रवास करतात. वाळूएवढे जाड कण जमिनीवरून घरंगळत जातात. मध्यम कण, साधारण रव्याएवढे, उड्या मारतात : वाऱ्याने उचलले, थोडे पुढे जाऊन आपटले. आपटताना ते कॅरमच्या स्ट्रायकरसारखे दुसऱ्या कणांना उडवतात. आणि तिसरे, पिठासारखे बारीक कण, या माऱ्यामुळे सुटे होऊन हवेत तरंगायला लागतात. हे तिसऱ्या प्रकारचे कण खाली बसायला तयार नसतात. आपल्याला रस्त्यावर दिसते ती भिंत त्यांचीच.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या पटीत वाढत नाही, तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की माती वाहून नेण्याची क्षमता जवळपास आठपट! दुसरी, एका कणाने चार उडवायचे, त्या चारांनी सोळा, अशी ही साखळी असल्यामुळे शेत जितके लांब आणि सपाट, तितका धुळीचा लोट मोठा होत जातो. मध्ये एखादा गवताचा पट्टा, झाडांची रांग किंवा नुसती उभी धाटे असली तरी साखळी तुटते. तात्या ज्या बांधाला आणि बाभळीला शोधत होते, त्यांचे काम नेमके हेच.

१ मे २०२३ ला कोरडी पडलेली वरची माती, पेरणीसाठी बारीक केलेली शेते आणि सोसाट्याचा वारा हे तिन्ही एकत्र आले. पाठोपाठ १६ मे २०२५ रोजी मध्य इलिनॉयच्या शेतांवरून उठलेली धूळ वादळी वाऱ्याबरोबर थेट शिकागोपर्यंत पोचली. राष्ट्रीय हवामान खात्याने शिकागो शहरासाठी धुळीच्या वादळाचा इशारा दिला, असे पूर्वी कधी घडले नव्हते. त्याच वर्षी १४ मार्चला कॅन्सासमध्ये इंटरस्टेट ७० वर अशाच धुळीत ७१ गाड्या आदळून आठ जण गेले. कॅलिफोर्नियातील जुन्या मंडळींना १९९१ सालची थँक्सगिव्हिंगनंतरची शुक्रवारची दुपारही आठवत असेल. कोलिंगाजवळ इंटरस्टेट ५ वर शंभराहून अधिक गाड्या आणि सतरा बळी. तिथेही दुष्काळामुळे पडीक राहिलेली शेते होती.

पाऊसही तेच करतो

वारा दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. पाऊस मात्र तेच काम गुपचूप करतो. मोठा थेंब ताशी वीस मैलांच्या वेगाने जमिनीवर आपटतो. झाकलेल्या जमिनीवर तो मार पाने आणि काडीकचरा सोसतो. उघड्या जमिनीवर थेंबाने ढेकळे फुटतात, बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वर एक पापुद्रा तयार होतो. मग पाणी आत मुरत नाही, वरून वाहते आणि जाताना माती घेऊन जाते. गंमत अशी की तोच पापुद्रा नंतर वाळतो आणि पुढच्या मशागतीत त्याचा भुगा होऊन वाऱ्याला आयता सापडतो.

एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २७,००० गॅलन पाणी. ते मुरले तर पुढच्या कोरड्या आठवड्यासाठी बँकेत ठेव; वाहून गेले तर खालच्या गावात पूर. म्हणजे एकाच उघड्या शेतामुळे पूरही वाढतो आणि दुष्काळही! आणि आता पाऊसच बदलला आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अमेरिकेच्या पाचव्या राष्ट्रीय हवामान अहवालानुसार, मिडवेस्टमध्ये सर्वात जोरदार दिवसांत पडणाऱ्या पावसाचे प्रमाण १९५८ पासून सुमारे ४५ टक्क्यांनी वाढले आहे. एकीकडे धो धो पाऊस, दुसरीकडे मधल्या काळात कडक कोरड. उघड्या मातीला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत.

याचा संबंध आपल्या नळाशीही आहे बरे का. पीक निघाल्यावर जमिनीत उरलेले नायट्रेट शोषायला मुळे नसतील तर ते पाण्याबरोबर खाली झिरपते आणि शेताखालच्या निचऱ्याच्या पाइपांतून नदीत जाते. २०२५ च्या जूनमध्ये डी मॉईन परिसरात नदीच्या पाण्यातले नायट्रेट इतके वाढले की शुद्धीकरण केंद्रांना झेपेना आणि लोकांना हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली.

नव्वद वर्षांपूर्वीचा धडा

हे सगळे या देशाने एकदा भोगले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव आला म्हणून कॅन्सास, ओक्लाहोमा, टेक्ससच्या कोरड्या माळावरचे गवत नांगरले गेले. १९३० च्या दशकात पाऊस रुसला आणि 'डस्ट बोल' सुरू झाले. मे १९३४ मध्ये तिकडची धूळ न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत आली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. भर दिवसा अंधार झाला.

ह्यू हॅमंड बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ बरीच वर्षे घसा कोरडा करून सांगत होता. १९३३ मध्ये सरकारने धूप रोखण्यासाठी वेगळे खाते काढून त्यांच्या हाती दिले. काळ्या रविवारनंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिल १९३५ ला, मृदसंधारणाचा कायदा झाला. उत्तर डकोटापासून टेक्ससपर्यंत वारा अडवण्यासाठी सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. पुढे मोठी यंत्रे आली, शेते जोडली गेली आणि त्यातल्या कित्येक रांगा तोडल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी!

योगायोग बघा. याच १९३३ साली आपल्या सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. बांध घालणे, पाणी जागीच मुरवणे, जमिनीतली ओल टिकवणे हेच प्रश्न तिथेही होते. माती एकच भाषा बोलते.

मग शेतकरी जमीन झाकत का नाहीत?

उत्तर माहीत आहे. कापणीनंतर राय, ओट किंवा क्लोव्हर यांसारखे 'कव्हर क्रॉप', म्हणजे आच्छादनाचे पीक पेरायचे. मशागत कमीत कमी करायची. जुनी धाटे जमिनीवरच ठेवायची. जमिनीचा एक तृतीयांश भाग जरी काडीकचऱ्याने झाकलेला राहिला तरी पाण्याने होणारी धूप सुमारे निम्म्याने कमी होते. २०२२ च्या कृषी गणनेत अमेरिकेत नांगरणीशिवाय केलेली शेती सुमारे साडेदहा कोटी एकरांवर होती. आच्छादनाचे पीक मात्र फक्त १.८ कोटी एकरांवर. म्हणजे एकूण लागवडीखालच्या जमिनीच्या पाच टक्केही नाही.

इथल्या शेतकऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूनेही बघायला हवे. काळी उघडी जमीन वसंत ऋतूत लवकर तापते आणि वाळते. झाकलेली जमीन थंड आणि ओली राहते, वापसा उशिरा येतो. आच्छादनाच्या पिकाचे बी, पेरणी, पुढे ते मारणे हा सगळा खर्च. ऑक्टोबरात कापणी संपते न संपते तोच थंडी येते, पेरायला वेळ कुठे? उपग्रहावरून केलेल्या २०२२ च्या एका अभ्यासात आच्छादनाचे पीक घेतलेल्या शेतांत मक्याचे उत्पन्न सरासरी साडेपाच टक्के कमी आढळले. नफ्याचे गणित जिथे एवढे काठावर असते तिथे साडेपाच टक्के म्हणजे थोडे नव्हे. शिवाय इथली बरीच शेती खंडाने केलेली असते. दहा वर्षांनी सुधारणाऱ्या मातीसाठी एक वर्षाचा खंडकरी पैसे का घालेल?

म्हणून आयोवाने २०१७ पासून आणि इलिनॉयने त्यानंतर दोन वर्षांनी आच्छादनाचे पीक घेणाऱ्यांना पीकविम्याच्या हप्त्यात एकरी पाच डॉलर सूट द्यायला सुरुवात केली. इलिनॉयमध्ये तर पैसे कमी आणि अर्ज जास्त अशी परिस्थिती झाली. म्हणजे इच्छा आहे. धुळीची आणि पुराची किंमत रस्त्यावरचा, नदीकाठचा माणूस मोजत असेल, तर माती झाकण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यानेच का सोसायचा, हा प्रश्न आपण करदाते म्हणून विचारायला हरकत नाही.

आणि आपल्या गावाकडे?

तात्यांनी इलिनॉयच्या शेतांबद्दल विचारले खरे. पण आमच्याकडे तरी काय वेगळे होते? उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू द्यायची, पाळी घालून ती बारीक करायची, म्हणजे ऐन वळवाच्या तोंडी सगळे शिवार उघडे. रब्बी ज्वारीची रानेही पावसाळाभर तशीच मोकळी ठेवायची. "रान कसं स्वच्छ दिसलं पाहिजे" हा आमच्याकडे अभिमानाचा विषय होता. उसाचे पाचट पेटवून द्यायचे, तेही त्याच स्वच्छतेपायी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात काय हाहाकार झाला ते आपण सगळ्यांनी बघितले. आमच्या चुलत्यांचे नदीलगतचे दोन एकर रान गुडघाभर खरडून गेले. खाली नुसता मुरूम राहिला. एवढ्या मोठ्या पुराला पाचटाने अडवले असते असे मी म्हणणार नाही, नदीपुढे कोणाचे चालते? पण त्याच गावात नदीपासून लांब असलेली, उताराची उघडी रानेही ओघळींनी फाटली आणि बांधाला गवत असलेली, पाचट ठेवलेली राने बऱ्यापैकी सावरली, हे चुलत्यांनी स्वतः व्हिडिओ कॉलवर दाखवले. एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. सरकारी मदत मिळेल, बाहेरून गाळ आणून टाकता येईल, पण ती माती परत येणार नाही.

आशा वाटावी असेही काही आहे. रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे कॅलिफोर्नियात शिकून, इथे काही काळ नोकरी करून परत गेले. त्यांनी भातासाठी 'सगुणा राइस तंत्र' विकसित केले. एकदा गादीवाफे करायचे, पुन्हा नांगरायचे नाही, चिखलणी नाही, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवायची. यात तणनाशक वापरावे लागते, त्यावर मतभेद आहेत. पण मुळे जमिनीत ठेवण्यामागचा विचार मिडवेस्टच्या शेतकऱ्यालाही लगेच पटेल असा आहे. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे आणि ती वाट्याने दिलेली आहे, त्यांनी पुढच्या फोनवर एवढे तरी विचारावे : पाचट जाळता का? बांधावर गवत आहे का? रिकाम्या रानात ताग किंवा धैंचा टाकता येईल का? बियाण्याचा खर्च आपण उचलला तर वाटेकरी नाही म्हणणार नाही.

धुळीत सापडलात तर

हा भाग कृपया घरातल्या नव्याने गाडी चालवणाऱ्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवा. ॲरिझोनाच्या वाहतूक खात्याने बरीच वर्षे लोकांना शिकवलेली ही पद्धत आहे.

१. समोर तपकिरी भिंत दिसली तर तिच्यात शिरू नका. आधीचा एक्झिट घ्या आणि थांबा.
२. आत सापडलात तर वेग कमी करत रस्त्याच्या कडेला, डांबरापासून शक्य तितके दूर जा. चालत्या लेनमध्ये कधीही थांबू नका.
३. थांबल्यावर सगळे दिवे बंद करा, इमर्जन्सी फ्लॅशरसुद्धा! मागचा माणूस तुमच्या दिव्यांना रस्ता समजून थेट तुमच्यावर येतो.
४. हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा, म्हणजे मागचा लाल दिवाही लागणार नाही.
५. सीटबेल्ट काढू नका. धूळ सरेपर्यंत गाडीतच बसा.

एप्रिल-मे महिन्यांत, जोराचा वारा असेल त्या दिवशी, निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा बघायची सवय लावून घ्या. घरात दम्याचा त्रास असेल तर अशा दिवशी खिडक्या बंदच ठेवा.

आपल्या अंगणापासून

शेवटी, आपल्यापैकी बहुतेकांकडे मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर-टोमॅटोचा एखादा वाफा असतोच. ऑक्टोबरात वेल उपटून तो वाफा आपण एप्रिलपर्यंत उघडा टाकतो. यंदा तसे करू नका. सप्टेंबरअखेर मूठभर ओट विस्कटून द्या. ते हिवाळ्यात आपोआप मरतात आणि वसंतात पांघरूण म्हणून पडून राहतात. तेही नको असेल तर पिशव्यांत भरून बाहेर ठेवतो तीच गळलेली पाने वाफ्यावर पसरा.

आमच्याकडे गेल्या शरदात तात्यांनी व्हिडिओवरून देखरेख करत हे काम नातवाकडून करून घेतले. पाने पसरून झाल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, पण हे नीट दिसत नाही ना?" तात्या म्हणाले, "नसू दे. थंडीत तू गोधडी घेतोस, तवा कुठं नीट दिसतोस?"

एप्रिलमध्ये पाने बाजूला केली तर खाली गांडुळे होती. फोटो तात्यांना पाठवला. तुमच्या वाफ्याचे काय झाले तेही जरूर कळवा.